मदत हवी आहे: अमेरिकेतलं बकथॉर्न फोटोवरून कसं ओळखायचं?

मंडळी, मी कोल्हापूरचा. झाडांचा नाद जुना, पण तो राधानगरी-दाजीपूरच्या रानापुरता. लेक-जावयानं मिनेसोटात सेंट पॉलजवळ घर घेतलंय. मागं कुंपणाला दाट झुडपं माजलीत. शेजारच्या आजी म्हणाल्या, हे बकथॉर्न. एकोणिसाव्या शतकात युरोपातून कुंपणासाठी आणलं, आता रानं व्यापलीत, काढून टाका. लेकीनं फोटो पाठवले आणि "बाबा, तुम्हीच सांगा" म्हणून मोकळी झाली!

हे आपल्या बोरी-तोरणाच्या कुळातलं, एवढं वाचून कळलं. पण त्यानं गोंधळ वाढलाच. बोरीचा काटा पानाच्या देठाशी, या झुडपांच्या देठाशी काहीच नाही. एका डहाळीच्या शेंड्याला मात्र आखूड टोचरं टोक दिसतंय. पानं लंबगोल, कड बारीक दातेरी, फळं काळी. ऑक्टोबर सरत आला, आजूबाजूची झाडं बोडकी झाली, ही अजून हिरवी. तळ्याकडच्या कोपऱ्यात मात्र पानं चकचकीत, कड सपाट. ही दोन निराळी का? शिवाय तिथली देशी रानचेरी अशीच दिसते म्हणे, ती तोडायची नाहीये. लेकीला नेमकं काय बघायला सांगू?

प्रतिसाद
काका, काट्याच्या भरवशावर राहू नका, तो प्रत्येक डहाळीला नसतो. शिरा बघायला सांगा. कुंपणाकडचं साधं बकथॉर्न (ऱ्हॅम्नस कॅथार्टिका) असेल तर शिरांच्या तीन-चार जोड्या शेंड्याकडे वळत गेलेल्या दिसतील, आणि पानं समोरासमोर वाटली तरी जरा खालीवर. तळ्याकडचं ग्लॉसी बकथॉर्न (फ्रँग्युला अल्नस) वाटतंय. त्याला ओल मानवते, काटा नसतो, शिरा जास्त आणि बऱ्यापैकी सरळ.

रानचेरीच्या देठावर, पानाच्या बुडाशी, बारीक गाठी असतात आणि फळात एकच आठळी. बकथॉर्नच्या फळात दोन ते चार बिया. फोडून बघा, चाखू मात्र नका, जुलाब होतात. सगळ्यात सोपं म्हणजे फांदीची साल नखानं खरवडायची. साध्या बकथॉर्नची आतली साल नारिंगी निघते.

दुसरा प्रतिसाद
तळ्याकडे घाई नको. तिथं बकथॉर्नची एक देशी जातही ओलीत वाढते, ऱ्हॅम्नस अल्निफोलिया. जेमतेम कमरेएवढी, बिनकाट्याची, पण पानाची कड दातेरी. कड खरंच सपाट असेल तरच ग्लॉसी समजा.

धागाकर्ता
आभार दोघांचे. कुंपणाकडची साल नारिंगी निघाली, फळात तीन बिया. तळ्याकडच्या पानांचा जवळून फोटो मागवलाय. आता पुढचं विचारतो: नुसतं तोडलं तर बुंध्याला पुन्हा फुटवे येतात म्हणतात. रोपं ओल्या मातीतून हातानं उपटता येतील, पण मनगटाएवढ्या बुंध्यांचं काय करायचं? कुणी तिकडं केलंय का?