केनियातल्या बालगृहातली मुलं: परतल्यावर संपर्क कसा आणि किती ठेवावा?

नेत्रा_घाटकोपर
नैरोबीजवळच्या एका मिशनच्या बालगृहात आठ महिने काम करून मुंबईत परत आले. मुलं ४ ते ११ वयाची, एकूण १४. संध्याकाळी त्यांच्या अभ्यासाची वेळ झाली की इथे करमत नाही. फोन, पत्रं, खाऊ, पैसे, यातलं काय करावं आणि काय टाळावं? एका मुलीचे मोठ्या मुलांच्या फोनवरून रोज मेसेज येतात, त्याचं काय करू?

माहीमची_मावशी
आधी त्या मेसेजचं बघ. हाउसमदरला, म्हणजे बालगृह सांभाळणाऱ्या बाईंना, आजच कळव, मुलीच्या पाठीमागे नाही, मुलीलाही सांगून. एकीशी वेगळी लाइन सुरू झाली की बाकी तेरा जणांना ते कळतंच, आणि ती मुलगी एकटी पडते. पण एकदम गप्पही होऊ नकोस. एकच ओळ लिही: "शनिवारी सगळ्यांशी बोलू."

मग तो शनिवार पाळ. पंधरा दिवसांतून एकदा, वीस मिनिटं, एका वेळी पाच-सहा मुलं, बाजूला तिथली आंटी, म्हणजे मुलांना सांभाळणारी बाई, बसलेली. नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, तिथले दुपारचे चार म्हणजे आपले साडेसहा. एक गोची लक्षात ठेव: स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. कुणी "सा कुमी" म्हणजे दहा वाजता म्हणालं, तर ते चार असतात. ठरवताना "इंग्रजी चार" असं स्पष्ट विचारून घे, नाहीतर मुलं फोनभोवती बसलेली आणि तू लोकलमध्ये.

झोपायच्या वेळी फोन नको. फोन ठेवल्यावर रडू येतं आणि ते सावरायला रात्रपाळीची एकटीच आंटी असते. एखादं पोर कॅमेऱ्यासमोर येतच नाही, दाराआडून बघत राहतं. ते रुसलेलं असतं, विसरलेलं नसतं. ओढून आणायला लावू नकोस, नाव घेऊन "तुझंही चित्र बघायचंय" एवढं म्हण.

आणि "लवकरच येते" हे तर नाहीच. तिकीट हातात असेल तेव्हाच येण्याचं बोल.

डाक_आणि_दमडी
कपडे पाठवू नका. तिथे मितुंबाचे, म्हणजे जुन्या कपड्यांचे मोठे बाजार आहेत, गिकोंबा त्यातला प्रसिद्ध. आपल्या पार्सलच्या खर्चात तिथे बरंच येतं.

पत्र पाठवा. केनियात टपाल घरपोच येत नाही, पी. ओ. बॉक्समध्ये येतं. त्यामुळे बॉक्स नंबर आणि पोस्टकोड दोन्ही हवेत. एकच सामाईक पत्र, त्यात प्रत्येकाला दोन ओळी. नावांची यादी आधी हाउसमदरकडून ताजी करून घ्या, एक नाव राहिलं तरी सगळ्या पत्रावर पाणी. पार्सल करायचंच असेल तर कस्टम्सच्या फॉर्मवर नुसतं "गिफ्ट" लिहू नका. वस्तू, नग आणि किंमत लिहा. ड्यूटी लागली तर ती तिकडे संस्थेला भरावी लागते. आधी विचारा.

पैसे संस्थेच्या बँक खात्यावरच. मुलांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या एम-पेसावर, म्हणजे तिथल्या मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यावर, नाही. बँकेत ए२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि पॅन लागतं, त्यात पैसे कशासाठी याचा पर्पज कोड भरायचा, परदेशी धर्मादाय संस्थेसाठी तो एस१३०३. शुल्क कुणी भरायचं या रकान्यात "अवर" (OUR, म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे) निवडा, नाहीतर मधली बँक आपला वाटा कापते आणि तिकडे कमी पोहोचतात. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत (८०जी) मिळत नाही. एकाच मुलाची फी भरण्यापेक्षा सगळ्यांच्या वह्या बऱ्या.

जुना_परळकर
थोडं कडू बोलतो. नव्या माणसाच्याही कडेवर लगेच चढणारं लहान मूल पाहून आपण विरघळतो. पुष्कळदा ती सवय माणसं सारखी बदलल्यामुळे लागलेली असते. मुलांच्या पर्यायी देखभालीबद्दलच्या २००९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांत संस्थेपेक्षा कुटुंबाला प्राधान्य आहे. तीन वर्षांखालच्यांसाठी तर ते जास्तच ठामपणे सांगितलंय. केनियाचंही २०२२ ते २०३२ चं धोरण आहे, मुलं संस्थेतून नातलगांकडे किंवा सांभाळायला घेणाऱ्या (फॉस्टर) कुटुंबात नेण्याचं. आपल्या बालसंगोपन योजनेमागचा विचारही साधारण तोच.

म्हणजे एखाद्या शनिवारी एक चेहरा कमी दिसेल. "कुठे गेली?" असं मुलांसमोर विचारू नका, पत्ता मागू नका. हाउसमदरला नंतर विचारा, ती सांगेल तेवढंच घ्या. आणि स्टेटसवरचे मुलांचे फोटो आज काढून टाका.

नेत्रा_घाटकोपर
फोटो काढून टाकले. संध्याकाळचं मात्र काय करू?

माहीमची_मावशी
तोच वेळ वापर. प्रत्येक मुलाचं एक पान लिही: कोण दिवा लागला तरच झोपतं, कुणाला उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) दुधाबरोबर चालत नाही, कोण वजाबाकीत हातचा विसरतं. आत्ता लिही, दोन महिन्यांनी निम्मं आठवणार नाही. चौदा पानं झाली की हाउसमदरला पाठव. पुढे येणाऱ्या आंटीला ती लागतील.