लाव्हा नव्हे, वाफ

वीज बनवायला ज्वालामुखीच्या मुखात पाइप सोडून थेट लाव्हाची उष्णता का घेत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. पण उघड्यावर आलेल्या लाव्हावर लगेच घट्ट साय धरते आणि ती उष्णता बाहेर येऊ देत नाही. शिवाय उद्रेक कधी होईल याचा भरवसा नसतो. खरी संपत्ती खाली आहे: शिलारसाच्या (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाच्या) आसपासचे तापलेले, भेगाळलेले खडक आणि त्यात मुरलेलं पाणी. विंधन विहिरीतून वाफ वर घ्यायची, टर्बाइन फिरवायचं, थंड झालेलं पाणी पुन्हा जमिनीत सोडायचं. इटलीतल्या लार्देरेल्लोत 1904 मध्ये अशा वाफेवर पाच दिवे लागले होते.

शिलारसाला हात घालणंही अशक्य नाही. आइसलंडमधल्या क्राफ्ला या ज्वालामुखीच्या भागात 2009 मध्ये साडेचार किलोमीटर खोल जायचा बेत होता, पण जेमतेम 2.1 किलोमीटरवरच ड्रिल शिलारसात शिरलं! त्या विहिरीतून सुमारे 450 अंश सेल्सिअसची वाफ मिळाली. मात्र ती आम्लधर्मी होती, व्हॉल्व्ह टिकले नाहीत आणि 2012 मध्ये विहीर बंद करावी लागली. म्हणजे उष्णता मुबलक आहे, अडलंय ते ती झेलणाऱ्या धातूंपाशी. मला तरी संशोधनाचा पैसा आधी तिथेच जायला हवा असं वाटतं.