अनुभव धागा: 'शक्तिमान'मधलं कोण तुमच्या घरात राहायला आलं?

१३ सप्टेंबर १९९७ च्या शनिवारी दूरदर्शनवर 'शक्तिमान' ही सुपरहिरोची मालिका सुरू झाली तेव्हा मी चौथीत होते. मार्च २००५ मध्ये ती संपली तेव्हा माझी अकरावीची परीक्षा तोंडावर आली होती. म्हणजे अख्खं बालपण तिच्या सोबतीने गेलं. पण शक्तिमानचं बोलणं निघालं की गाडी गिरक्यांवर आणि लाल-सोनेरी पोशाखावरच अडते. मला त्यातल्या माणसांबद्दल ऐकायचंय. कोणाची भीती वाटली, कोणावर जीव जडला, कोणाचा राग आला, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

माझा जीव गंगाधरवर, त्या पुढे आलेल्या दातांच्या फोटोग्राफरवर. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री, हे नाव मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. माझे वरचे दात पुढे होते. मालिका सुरू झाल्यावर महिन्याभरात वर्गात माझं नाव 'गंगाधर' पडलं. मधल्या सुट्टीत हाक यायची आणि आठ-दहा जण एकदम वरचे दात ओठांवर काढून दाखवायचे. मी घरी येऊन न्हाणीघरातल्या आरशासमोर दोन बोटांनी वरचा ओठ खाली दाबून धरायची. बराच वेळ धरला तर तो तसाच राहील असं वाटायचं.

मग एका रविवारी डोक्यात प्रकाश पडला, अरे, गंगाधर म्हणजेच तर शक्तिमान! दुसऱ्या दिवशी वर्गात मी तसं ठणकावून सांगितलं. त्यावर बाकावरची मैत्रीण शांतपणे म्हणाली, "पण त्याचे दात निघतात." तिचं खरंच होतं. दोन्ही भूमिका करणारे मुकेश खन्ना ते दात लावायचे आणि काढून ठेवायचे. माझे काढून ठेवता येत नव्हते. ते वाक्य मला कितीतरी दिवस टोचत राहिलं.

तरीही माणूस मनातून गेला नाही. मला आठवणारा गंगाधर हसताना तोंडावर हात ठेवत नाही. आठवीत माझ्या दातांना तारा बसल्या, पण हसताना हात आड धरायची सवय मी त्याच्या आधीच सोडली होती, त्याच्याकडे बघून.

नागपूर, वय ४०

माझ्यासाठी गीता विश्वास, मालिकेतली पत्रकार. आमच्या घरात नोकरी करणारी एकच बाई होती, माझी आत्या, तीही शाळेत. वही-पेन घेऊन मोठ्या माणसांना प्रश्न विचारणारी बाई मी पहिल्यांदा मालिकेतल्या 'आज की आवाज' या वर्तमानपत्राच्या ऑफिसात पाहिली. आधी किटू गिडवानी होत्या, मग वैष्णवी महंत आल्या. पहिल्या दिवशी मी "ही आपली गीता नाही" म्हणून जेवता जेवता उठले. महिन्याभरात नवीनही आपली झाली.

दोन गोष्टी तेव्हाही खटकायच्या. शेजारच्या टेबलावरचा फोटोग्राफर गंगाधर म्हणजेच शक्तिमान, हे तिला ओळखू कसं येत नाही, यावरून मी टीव्हीसमोर अक्षरशः ओरडायची. आणि तिला सारखं वाचवावं का लागतं? बातमी शोधत ती पोचायची सगळ्यांच्या आधी, आणि शेवटी दोरीने बांधलेली असायची तीच.

मी पुढे पत्रकार झाले. पहिल्या नोकरीत गुन्हेविषयक बातम्या मागितल्या तर "मुलींचं काम नाही ते" म्हणून मला पाककृतींचं पान दिलं. त्या रात्री मला गीताची फार आठवण आली. तिला निदान कोणी पाककृती लिहायला बसवलं नव्हतं. दीड वर्ष भांडून मी ते काम मिळवलं.

कणकवलीजवळ, वय ३७

तमराज किल्विष, मालिकेतला मुख्य खलनायक. दुसरं नाव सुचतच नाही.

आमच्याकडे रविवारी बाराला वीज असेलच याची खात्री नसायची. पावसाळ्यात तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. काका कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि आम्ही खालून "आलं, आलं, गेलं" करायचो. एकदा किल्विषने "अंधेरा कायम रहे" म्हटलं आणि त्याच क्षणी वीज गेली. खिडक्या पावसामुळे बंद होत्या, माजघरात भर दुपारी काळोख झाला. आम्ही पाच भावंडं एकमेकांना चिकटून बसलो. धाकटा रडायलाही विसरला होता. आजीने देव्हाऱ्यातली समई आणून मध्ये ठेवली आणि ती वात सारखी करत बसून राहिली, वीज येईपर्यंत.

आजीची मात्र वेगळीच अडचण होती. 'महाभारत' तिने एकही भाग न चुकवता पाहिलेलं. किल्विष झालेले सुरेंद्र पाल दिसले की ती हात जोडायची. "अरे, हे तर द्रोणाचार्य! हेंका काय झाला?" आणि समोर मुकेश खन्ना, म्हणजे तिचे भीष्म. भीष्म आणि द्रोण एकमेकांच्या जिवावर उठलेत हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. किल्विष हरला की आम्ही टाळ्या पिटायचो आणि ती उठून आत जायची. आता वाटतं, आमच्या घरात त्या माणसाच्या हरण्याचं वाईट वाटणारी ती एकटीच होती.

पुणे, वय ४१

डॉ. जयकाल! ललित परिमू यांचं ते "पॉवर!" आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत रोज घुमायचं. शक्तिमान व्हायला सगळेच तयार, मला तो वेडा शास्त्रज्ञ व्हायचं असायचं. रसायनशास्त्राची गोडी मला तिथून लागली, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

डोंबिवली, वय ६२

मी आई म्हणून लिहिते. मला शक्तिमानचा राग होता.

माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. आम्ही चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मी कुकर लावत होते. शेजारच्या काकांचा आवाज आला म्हणून बाहेर धावले तर हा गॅलरीच्या कठड्यावर एक पाय टाकून बसलेला, गळ्यात लाल टॉवेलची गाठ. काकांनी त्याला पाठीमागून कवेत घेतलं होतं. तो म्हणाला, "मी पडलो की तो येतो का ते बघत होतो." माझे हातपाय गळाले. आत कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, कोणालाच भान नव्हतं.

त्यानंतर दोन महिने मी टीव्ही लावू दिला नाही. पुढे मुकेश खन्ना स्वतः पडद्यावर येऊन मुलांना सांगताना पाहिले की माझी नक्कल करू नका. मी तेच शंभरदा सांगितलं होतं. पण त्याने ऐकलं ते त्यांचं. उड्या थांबल्या. त्या दिवशी त्यांचे उपकार वाटले, आणि माझ्यापेक्षा पडद्यावरचा माणूस त्याला खरा वाटतो म्हणून वाईटही वाटलं. तो मुलगा आता पस्तिशीत आला, पण त्याच्या घराच्या बाल्कनीला मी आग्रह करून जाळी बसवून घेतली आहे.

पिंपरी, वय ३८

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा लेकीला घेऊन बसलो. ती आठ वर्षांची. उडण्याची दृश्यं बघून तिने तोंड वाकडं केलं. मी मात्र शक्तिमानचे महागुरू आले आणि गप्प झालो. ती भूमिका करणारे टॉम ऑल्टर २०१७ मध्येच गेलेले. लहानपणी माझे बाबा शक्तिमानला नाकं मुरडायचे, पण महागुरूंचा आवाज आला की पेपर खाली ठेवायचे. बाबाही आता नाहीत. लेकीने विचारलं, "हे आजोबा कोण?" मला पटकन सांगताच आलं नाही.

छत्रपती संभाजीनगर, वय ३५

पात्र नाही, पण भागाच्या शेवटी मुलांना शिकवण देणाऱ्या 'छोटी छोटी मगर मोटी बातें'मध्ये चूक करणारी मुलं शेवटी "सॉरी शक्तिमान" म्हणायची, ती माझ्या लेखी पात्रंच होती. मी आईच्या डब्यातून पाच रुपये घेतले होते. बोरं खाल्ली, बिया अंगणात पुरल्या. रात्री सगळे झोपल्यावर बंद टीव्हीसमोर उभी राहिले. काळ्या काचेत माझीच परकरातली सावली दिसत होती. हळूच म्हटलं, "सॉरी शक्तिमान." मागून अंधारातून आई म्हणाली, "बोरं गोड होती का गं?"