मदत हवी आहे: ट्रॉलरवरचं वाय-फाय, आणि प्लॉटरमधल्या खुणा

नमस्कार मंडळी. आमचा ट्रॉलर हर्णै बंदरातला. सध्या मासेमारी बंदी आहे, बोट शाकारून ठेवलीय. नारळी पौर्णिमेआधी हे काम मार्गी लावायचं आहे.

गेल्या हंगामात केबिनमध्ये सिमवर चालणारा ४जी राउटर बसवला. किनाऱ्यापासून लांब गेलं की रेंज जाते, ते मान्य आहे. बोलायला व्हीएचएफ रेडिओ आहेच. येता-जाता खलाशांना घरी बोलता यावं, हवामानाचा इशारा पाहता यावा, एवढ्यासाठीच नेट हवं.

ज्याने राउटर लावून दिला त्याने पासवर्ड लेबलावर छापलेलाच ठेवला. बंदरात बोटी एकमेकींना खेटून असतात, तो पासवर्ड शेजारच्या चार बोटींवर पोचला. डेटा संपला तर संपला. पण टॅबवर स्क्रीन दिसावा म्हणून जीपीएस प्लॉटरही (बोटीची जागा नि टिपलेल्या खुणा नकाशावर दाखवणारं यंत्र) त्याच वाय-फायला जोडलाय. त्यात बाबांनी पंचवीस वर्षं टिपलेल्या खुणा आहेत: कुठे खडकाला जाळं अडकतं, कुठल्या महिन्यात कोळंबी कुठे लागते. शेजारच्या बोटीवरल्या एका पोराच्या मोबाइलवर आमच्या प्लॉटरचा स्क्रीन मी स्वतः पाहिला. बाबांना अजून सांगायचं धाडस झालेलं नाही.

खलाशांचं नेट चालू ठेवून प्लॉटर वेगळा कसा काढू? आणखी एक, इंजिनाला स्टार्टर मारला की राउटर बंद पडून परत चालू होतो.

प्रतिसाद:
दादा, आधी सगळ्या खुणा मेमरी कार्डावर काढून कार्ड घरी ठेवा. मगच बाकीच्याला हात लावा.

प्लॉटर राउटरवरून काढाच. बऱ्याच प्लॉटरना स्वतःचा हॉटस्पॉट असतो, टॅब थेट त्याला जोडा आणि त्याचा पासवर्ड फक्त तुम्ही नि तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) दोघांकडे ठेवा. राउटर रीसेट करून फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. सेटिंगमध्ये शिरायचा ॲडमिन पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, लोक तोच बदलायचा विसरतात. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद. सुरक्षा डब्ल्यूपीए३, नसेल तर डब्ल्यूपीए२ एईएस. खलाशांना गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) द्या, खलाशी बदलले की त्याचा पासवर्डही बदला. नेटवर्कला बोटीचं नाव देऊ नका. नाव लपवून मात्र काही साधत नाही.

स्टार्टर मारताना बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो. ९ ते ३६ व्होल्ट घेऊन स्थिर १२ देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर फ्यूजसकट मध्ये टाका. राउटर १० वॉटचा धरला तर १२ व्होल्टवर दिवसाला २० अँपिअर-तास लागतात, बॅटरी त्या हिशेबाने बघा.

धागाकर्ता:
खूप आभार. आज बोटीवर जाऊन कार्डावर १८६ खुणा उतरवल्या. प्लॉटरला स्वतःचा हॉटस्पॉट निघाला. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क आहे, पण त्यावरून ॲडमिनचं पान उघडतंय. ते कुठून बंद करायचं?

प्रतिसाद:
गेस्टच्या सेटिंगमध्ये 'लोकल नेटवर्क वापरू द्या' अशा अर्थाच्या पर्यायावर टिक असेल, ती काढा आणि खलाशाच्या मोबाइलवरून पुन्हा उघडून बघा. तरीही उघडलं तर राउटरचं मॉडेल इथे टाका.