नवरा-बायकोने मिळून रॉक कॉन्सर्टला जाणं: कुठे उभं राहायचं, काय ऐकायचं?

केवडा (पुणे)

नमस्कार मंडळी. माझं माहेर गाण्याचं. सवाई गंधर्वला आईच्या मांडीवर बसून ऐकलंय, घरात तानपुरा आहे, मी स्वतः थोडंफार शिकले आहे. नवरा नागपूरचा, कॉलेजपासून रॉक आणि त्याहून दणदणीत असं मेटल ऐकणारा. गाडीत त्याची गाणी, स्वयंपाकघरात माझी, अशी वाटणी लग्नापासून चालत आली आहे आणि त्यावरून कधी भांडण झालेलं नाही.

आता तो म्हणतो, एकदा माझ्याबरोबर मोठ्या कॉन्सर्टला चल. मुंबईत पुढे जो पहिला चांगला कार्यक्रम जाहीर होईल त्याची तिकिटं काढायची असं ठरलंय. मला मनापासून जायचंय. हा माणूस ज्यावर एवढा जीव टाकतो ते मला समोर बघायचंय. पण काळजीही वाटते. माझी उंची बेताची, उभ्याच्या गर्दीत मला दिसणार काय? आवाज सोसेल का? आणि मुख्य म्हणजे मला काही कळलं नाही तर त्याचा विरस होईल का? जोडीने जाणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.

धोबीतलाव (ठाणे)

केवडा, सविस्तर मागितलंत म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आम्ही दोघं कॉलेजात असल्यापासून जातोय. तेव्हा मुंबईत रॉक म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. झेवियर्स कॉलेजच्या मागचं उघडं नाट्यगृह. १९८६ पासून दर ऑगस्टमध्ये तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हे रॉक संमेलन भरायचं. ऑगस्ट, म्हणजे पाऊस आलाच. नवरा (तेव्हा नुसता मित्र) त्याच्या कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. मी गाण्याचे शब्द ऐकणारी. शब्द, गायकाने कुठे श्वास घेतला, कोणती ओळ दुसऱ्यांदा वेगळी म्हटली, याकडे माझे कान. त्याला शब्द आठवतही नाहीत. तो खालचा, जाड आवाज धरून बसतो आणि ड्रमवाला त्याच्याशी कसा जुळतोय ते बघतो. एका बाकावर बसून आम्ही दोन वेगळे कार्यक्रम ऐकत होतो म्हणा ना. ते तसंच राहिलंय, आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त मोल वाटतं. परतीच्या लोकलमध्ये तो मला त्याचा कार्यक्रम सांगतो, मी त्याला माझा.

रंगभवनच्या आसपास जीटी आणि कामा ही दोन इस्पितळं. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथलं रॉक थांबलं. आजारी माणसाला झोप हवी, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल आणि लोकलने जाता येईल अशी दुसरी उघडी जागा शहराने तेव्हा उभी करायला हवी होती, असं मला आजही ठामपणे वाटतं. नंतर जे आलं ते सगळं मोठ्या मैदानांवर, मोठ्या तिकिटांचं.

आता तुमच्या मुख्य काळजीकडे येते. 'मला कळलं नाही तर' याचा बंदोबस्त घरीच करता येतो. एखादा बँड दौऱ्यावर निघाला की आधीच्या शहरांत कोणती गाणी, कोणत्या क्रमाने वाजली हे लगेच नेटवर येतं, आणि बहुतेक मोठे बँड तो क्रम फारसा बदलत नाहीत. फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्स वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर आला तेव्हा पिंक फ्लॉइड या त्याच्या जुन्या बँडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम तो सलग वाजवणार हे आधीच ठाऊक होतं. माझा तो अल्बम कानावरून गेलेला होता, पण मनात बसलेला नव्हता. आधीचे कितीतरी दिवस रात्री जेवणं झाल्यावर दिवे मालवून आम्ही तो ऐकला. नवरा मध्ये मध्ये थांबवून दाखवायचा, इथे घड्याळं वाजतात, इथे बाई नुसत्या स्वरांवर गाते, एकही शब्द नाही. तुम्ही गाणाऱ्या घरातल्या, तो भाग आधी ऐकाच. आलापीची सवय असलेल्या कानाला तो आपोआप उमगेल.

मैदानात मात्र आमचा करार असतो. तिथे कोणी कोणाला समजावून सांगायचं नाही. कानाशी तोंड नेऊन 'हे बघ, आता गिटार येईल' असं कोणी म्हणालं की ती गिटार आपल्यापर्यंत आधी सांगोवांगी पोचते. तुमच्या नवऱ्यालाही हे आत्ताच सांगून ठेवा. जी माणसं जीव टाकून ऐकतात त्यांनाच समजावण्याची हौस दांडगी असते.

दुसरी गोष्ट, सोबत गेलो म्हणजे तीन तास खांद्याला खांदा लावून उभं राहायलाच हवं असं नाही. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन हा मेटल बँड त्याच मैदानावर आला. त्यांच्या त्या जगदौऱ्याची ती पहिलीच रात्र. बँडचं स्वतःचं बोइंग ७५७, आणि ते चालवणारा वैमानिक म्हणजे त्यांचाच गायक ब्रूस डिकिन्सन! नवऱ्याला पुढे, अगदी कठड्याजवळ जायचं होतं, कारण स्टीव्ह हॅरिस. त्यांचा हा बेसवाला प्लेक्ट्रम (तारा छेडायची छोटी पट्टी) न वापरता नुसत्या बोटांनी वाजवतो, आणि त्याची ती चाल ऐकली की घोडा भरधाव सुटल्यासारखी वाटते. ती बोटं जवळून बघायची म्हणून नवरा पुढच्या रेट्यात गेला. मला तो रेटा नको होता. मी मागे साउंड कन्सोलच्या कठड्याला टेकून उभी राहिले.

केवडा, ही जागा लक्षात ठेवा. मैदानाच्या मध्यावर, स्टेजच्या बरोबर समोर एक मांडव असतो, तिथे बसून साउंड इंजिनिअर सगळ्या वाद्यांचा आवाज जुळवत असतो. तो स्वतःच्या कानाला बरं वाटेल तसं जुळवणार, म्हणजे मैदानातला सगळ्यात समतोल आवाज त्याच्या आजूबाजूला मिळतो. पुढे कठड्याशी ड्रम आणि बेस छातीवर आदळतात, शब्द बुडतात. फार मागे गेलात तर वेगळीच अडचण. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १०० मीटरवर तो जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा पोचणार. म्हणून मोठ्या मैदानात मध्येच उंच मनोरे उभारून त्यांवर जादा स्पीकर टांगतात आणि त्यांतला आवाज मुद्दाम तेवढाच रोखून सोडतात. तरी कन्सोलजवळची मजा तिथे नाही. शिवाय कन्सोलपाशी पाठीला कठडा असतो, मागून धक्के येत नाहीत, बाईमाणसाला ते फार बरं पडतं. त्या रात्री माझ्या शेजारी काळे टी-शर्ट घातलेली मुलं होती, ईशान्येकडून दोन-दोन रात्री रेल्वेत काढून आलेली. त्यांनी मला पुढे घेतलं, समोर उंच माणूस आला की त्याला विनंती करून बाजूला सरकवलं. शब्द न् शब्द त्यांना पाठ होता, मला स्वतःला झाला नसेल इतका.

कार्यक्रम संपल्यावर ठरलेल्या दिव्याच्या खांबाखाली भेटलो. नवऱ्याचा शर्ट पिळून निघेल असा, आवाज पार बसलेला. कुर्ल्याहून गाडी पकडली आणि ठाण्यापर्यंत तो मला मांडीवर बोटं आपटून हॅरिसचा हात दाखवत होता. मी तो हात पाहिला नव्हता आणि त्याने शब्द ऐकले नव्हते. त्या प्रवासात आमचा कार्यक्रम पुरा झाला.

पुढे नवऱ्याचे गुडघे कुरकुरू लागले, मग आम्ही बसायची तिकिटं काढू लागलो. १५ डिसेंबर २०१९ ला यू२ हा चौघांचा आयरिश बँड नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला, तो कार्यक्रम आम्ही वरच्या गॅलरीतून बघितला. स्टेडियमवर वरून दिसतं छान. सुरुवातीला चौघंही गर्दीत शिरलेल्या एका छोट्या रंगमंचावर उभे राहून वाजवत होते, मागचा तो अवाढव्य पडदा नंतर पेटला. १९८७ चा 'द जोशुआ ट्री' हा अल्बम त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. ए. आर. रहमान आला. एका गाण्यात पडद्यावर जगभरच्या स्त्रियांचे चेहरे येत गेले, त्यांत हत्या झालेल्या पत्रकार गौरी लंकेश आल्या. नवऱ्याने माझा हात धरला, आणि शब्द न ऐकणारा हा माणूस त्या गाण्याचे शब्द मला घरी आल्यावर विचारत बसला.

गन्स एन' रोझेस या बँडचं सांगून थांबते. २०१२ च्या डिसेंबरात ते मुंबईत आले तेव्हा गायक अ‍ॅक्सल रोझ होता पण गिटारवाला स्लॅश नव्हता, तो १९९६ मध्येच बाहेर पडलेला. नवरा म्हणाला, स्लॅशशिवाय नाही. मी मैत्रिणीबरोबर गेले, मला अ‍ॅक्सलचा आवाज ऐकायचा होता. २०१६ मध्ये स्लॅश परतला, आणि १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर आम्ही दोघं मिळून गेलो. मे महिन्याचा दमटपणा, अंगाला चिकटलेले कपडे, आणि डोक्यावर ती उंच टोपी घातलेला स्लॅश. अ‍ॅक्सलचा आवाज पूर्वीसारखा वर चढत नाही, हे मला पहिल्याच गाण्यात कळलं आणि वाईट वाटलं. नवऱ्याला ते जाणवलंही नाही, तो डफ मॅक्केगनच्या बेसमध्ये बुडाला होता. तेव्हा तुम्हाला जे ऐकू येईल तेच ऐका. सुरांवर वाढलेला कान घेऊन जाताय. तुमच्या नवऱ्याने इतकी वर्षं न ऐकलेलं काहीतरी तुम्ही त्याला परतताना नक्की सांगाल.

वरवंटा (बेंगळुरू)

धोबीतलावताईंच्या कन्सोलच्या जागेला माझंही अनुमोदन.

आमच्या घरी उलट आहे, बायको मेटलवाली. ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका इथे पॅलेस ग्राउंड्सवर आली, भारतातला त्यांचा पहिला कार्यक्रम. खरं तर पहिला दोन दिवस आधी गुडगावला व्हायचा होता. तो ऐनवेळी रद्द झाला, लोक चिडले, स्टेजची मोडतोड झाली. टीव्हीवर ते बघून साताऱ्याहून सासरेबुवांचे फोनवर फोन, 'अजिबात जाऊ नका.' बायकोने त्यांना शांतपणे समजावलं की आम्ही कडेने उभे राहू, बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवू आणि संपल्याबरोबर फोन करू. तसंच केलं.

मला गाणी दोन-चारच माहीत होती. पण तिथे बायकोचा चेहरा मी पहिल्यांदा तसा पाहिला. ऑफिस, घर, मुलांच्या शाळा यांत तो चेहरा कधी दिसला नव्हता. तेव्हापासून ती म्हणेल तिथे मी जातो. विरसाची चिंता सोडा, तुमचा नवरा तुम्हाला तिथे बघूनच खूष होईल.

एक सूचना. गर्दीत मध्येच गोल मोकळी जागा पडायला लागली की तिथे मॉश पिट होणार, मुलं एकमेकांवर आदळणार. त्यात राग नसतो, पडलेल्याला लगेच उचलतात, पण पहिल्या वेळी तिथून दहा पावलं मागे सरका.

कानोसा (नाशिक)

मी श्रवणतज्ज्ञ आहे, म्हणून आवाजाबद्दल तेवढं सांगते. ८५ डेसिबलला रोजचे ८ तास ही कानाची सुरक्षित मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, असं करत १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. रॉक कॉन्सर्ट १०० च्या पुढे सहज जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, ती सगळीकडे पाळली जाईल या भरवशावर राहू नका.

दोघांनीही इअरप्लग घाला. केमिस्टकडचे फोमचे चालतात, पण ते वरच्या पट्टीचा आवाज जास्त कापतात, सगळं गोधडीतून ऐकल्यासारखं होतं. तुम्ही गाणाऱ्या आहात, तर संगीतकारांसाठीचे मिळतात ते घ्या, ते सगळ्या पट्ट्या सारख्याच खाली आणतात. फोमचे घालताना बोळा बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळ वर आणि मागे ओढायची, आत सरकवून फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचं. नुसता भोकावर टेकवला तर उपयोग शून्य. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

केवडा (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. 'समजावून सांगायचं नाही' यावर तो जरा थांबला, मग म्हणाला, कबूल. आम्ही आजपासून रात्री ऐकायला बसतोय. धोबीतलावताई, एवढंच सांगा, पहिल्या वेळी बसायचं तिकीट काढू की उभ्याचं? आणि परत कसं यायचं?

धोबीतलाव (ठाणे)

उभ्याचं काढा, पण दारं उघडल्यावर तासाभरात पोचा म्हणजे कन्सोलचा कठडा मिळेल. समोरचा नको, तिथे तंत्रज्ञांची ये-जा असते, बाजूचा धरा.

उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे साधारण तेव्हा सुटतंच. नेरूळला असेल तर स्टेडियमला नेरूळ आणि जुईनगर ही दोन्ही स्टेशनं आहेत, रिक्षाच्या नादी न लागता चालत निघा. पुण्याला त्याच रात्री परतू नका, वाशी-नेरूळकडे कोणाकडे तरी मुक्काम करा. गर्दीत फोन लागत नाहीत, म्हणून चुकामूक झाली तर भेटायची खूण आत शिरतानाच ठरवा, आणि ती खाण्याचा स्टॉल किंवा फलक अशी नको, कार्यक्रम संपता संपता ते उतरवायला लागतात. दिव्याचा खांब किंवा गेटचा नंबर धरा. पायात जुने, घट्ट बसणारे बूट.

तिकिटं काढलीत की कोणता बँड ते इथे कळवा. शब्दांकडे बघण्याजोगी गाणी मी सांगेन, बेसची नवरा सांगेल.