काउंटरवरची चिडचिड: दोन टोकनांच्या मध्ये करता येईल असं सजगतेचं काय सुचवाल?

खिडकी_चार
तालुक्याच्या गावातल्या बँक शाखेसाठी विचारतोय. चार काउंटर आहेत. सोमवारी आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रांग दारापर्यंत जाते. चिडचिडीची ठिकाणं ठरलेली: सीबीएस (बँकेची संगणक प्रणाली) मध्येच बंद पडतं, पासबुक प्रिंटर अडकतो, 'लाडकी बहीण'चे दीड हजार जमा झाले नाहीत म्हणून रांगेत आवाज चढतो. डोळे मिटून बसायला जागा नाही, काउंटरवर मोबाइल चालत नाही, त्यामुळे अ‍ॅप सुचवू नका. दोन टोकनांमध्ये फार तर अर्धं मिनिट मिळतं. नेमकं काय करायचं, किती वेळ आणि करताना काय चुकतं ते सांगा. 'सकारात्मक विचार करा' हे सांगून झालंय, त्याचा उपयोग झालेला नाही.

आनापान
अर्धं मिनिट पुरतं. पण ते एखाद्या ठरलेल्या कृतीला बांधलं पाहिजे, नाहीतर गर्दीत आठवत नाही. पुढच्या टोकनाचं बटण दाबण्याआधीचा क्षण सगळ्यात चांगला.

आधी तळपाय. दोन्ही टाचा जमिनीला टेकवा आणि टेकल्याचं जाणवेपर्यंत थांबा. तीन सेकंद लागतात. डोळे उघडेच राहू द्या, नजर की-बोर्डवर.

मग श्वास. घ्यायचा नेहमीसारखा, सोडायचा लांब. मनात चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, असं दोनदा. वीस सेकंद झाले. इथली नेहमीची चूक म्हणजे 'दीर्घ श्वास' म्हणून भराभर छाती भरून घेणं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि माणसाला वाटतं की आपली घबराट वाढली. जोर सोडण्यावर हवा, भरण्यावर नाही.

शेवटी नाव. मनातल्या मनात तीन शब्द: 'चीड आली आहे.' किंवा 'धास्ती आली आहे', जे असेल ते. आपल्या भाषेत हे सहज जमतं. राग येतो, कंटाळा येतो, वैताग येतो, म्हणजे वाक्यातच तो आलेला असतो आणि आलेला जाऊ शकतो. 'मी चिडकाच आहे' म्हटलं की तो स्वभाव झाला, आणि स्वभावाचं अर्ध्या मिनिटात काही करता येत नाही. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं होतं की भावनेला शब्द दिला की अमिग्डालाचा, म्हणजे भीती-रागात जागा होणाऱ्या मेंदूतल्या भागाचा, प्रतिसाद उतरतो. नाव कोरडं ठेवा. 'किती हा मूर्खपणा' हे नाव नाही, तो निवाडा आहे, आणि त्याने चीड वाढते.

सह्यकडा
आनापान यांच्याशी सहमत. पण माझ्या मते खरा प्रश्न त्यानंतरचा आहे: त्याच प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने बघायचं कसं?

आधी एक फरक. काउंटरवर शिकवलं जातं ते दाबणं: आत काहीही असो, चेहरा हसरा ठेवा. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये प्रयोगात दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. भावना चेहऱ्यावर दिसू न देणाऱ्यांचा आतला त्रास कमी झाला नाही, उलट शरीरावरचा ताण वाढला. प्रसंगाचा अर्थच आधी वेगळा लावणाऱ्यांचा त्रास मात्र कमी झाला. म्हणून संध्याकाळी जबडा दुखत असेल, तर दिवसभर दाबणंच चाललं होतं असं समजा.

अर्थ बदलायचा तर तीन वाक्यं वेगळी करा. घडलं काय, मी जोडलं काय, माझ्या हातात काय.

तुमचंच उदाहरण घेऊ. घडलं: 'बाई मोठ्या आवाजात म्हणाल्या, पैसे आले नाहीत.' जोडलं: 'मला लबाड समजतायत.' हे दुसरं वाक्य त्यांनी उच्चारलेलंच नाही. आता वस्तुस्थिती बघा. योजनेचे पैसे डीबीटीने (सरकारकडून थेट खात्यात) जातात, म्हणजे एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेच्या नोंदीत आधार ज्या बँकेशी जोडलेलं असेल तिथे. शाखेत केवायसीला आधार दिलं म्हणजे डीबीटीसाठी हेच खातं जोडलं गेलं असं नाही. हा फरक बऱ्याच खातेदारांना कुणी सांगितलेला नसतो. बाईंची आजची मजुरी बुडली असेल, एसटीचं भाडं दुसऱ्यांदा गेलं असेल. 'असेल' हा शब्द सोडू नका. नवा अर्थही अंदाजच असतो. तो खरा मानून बसलात आणि चुकीचा निघाला, तर चीड दुप्पट येते.

तिसरं वाक्य तोंडाने बोलायचं: "ताई, पैसे दुसऱ्या बँकेत गेले असतील. आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते आपण बघू." आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, दिसतं. त्यासाठी त्यांचा आधारला जोडलेला मोबाइल लागतो, कारण ओटीपी त्यावर येतो. 'रांगेत मोबाइल जवळ ठेवा' अशी पाटी दारातच लावली, तर अर्धे वाद काउंटरपर्यंत येणार नाहीत.

घाई मात्र करू नका. कानशिलं तापलेली असताना अर्थ बदलायला गेलं की ती स्वतःची समजूत घालणं होतं, मन ते ऐकत नाही. आधी पाय आणि श्वास, मग अर्थ. तळपायाची आग मस्तकात पोचेपर्यंत वाट पाहू नये, प्रत्येकाने आपली पहिली खूण शोधावी. कुणाचे खांदे कानाकडे चढतात, कुणी माउस घट्ट धरतं, कुणाचा टाइप करताना आवाज वाढतो.

खिडकी_चार
हे वापरण्याजोगं आहे. रोख काउंटरचं काय? तिथे लक्ष श्वासावर गेलं तर मोजणी चुकेल.

शिल्लक_जुळली
बरोबर, हाताने मोजताना अजिबात करू नये. तिथे सजगता म्हणजे नोटच: बोटाला लागणारा कागद आणि आकडा, बाकी काही नाही. मध्ये कुणी बोललं तर गड्डी खाली ठेवून 'एक मिनिट' म्हणावं आणि पहिल्यापासून मोजावं. आकडा लक्षात ठेवून उत्तर देण्याच्या नादातच चुका होतात.

श्वासाला जागा यंत्र देतं. मिनिटाला हजार नोटा मोजणारं यंत्र शंभराच्या गड्डीला सहा सेकंद घेतं, तेवढ्यात एक लांब उच्छ्वास होतो. दिवसाअखेर रोख जुळत नसेल, तर पुन्हा मोजण्याआधी एक मिनिट उभं राहावं, हात मोकळे सोडून. घाबरून केलेली दुसरी मोजणी बहुतेकदा पहिलीचीच चूक गिरवते.

पळसफूल
एक गोष्ट कळकळीने सांगते. चार काउंटरचं काम दोघांवर पडत असेल तर ते श्वासाने सुटत नाही. कर्मचाऱ्यांना सजगता शिकवायची आणि प्रिंटर तसाच ठेवायचा, हे फार वाईट.

काउंटरजवळ एक साधी वही ठेवा, चार रकाने: वेळ, काय घडलं, शरीरात कुठे जाणवलं, कुणाच्या हातात होतं. एका नोंदीला एक ओळ. पंधरा दिवसांनी चौथा रकाना मोजा. प्रिंटर अकरा वेळा आला असेल तर त्या अकरा तारखा प्रादेशिक कार्यालयाच्या पत्रात जातात. वहीत खातेदाराचं नाव किंवा खाते क्रमांक लिहू नका.

शिवीगाळ, अंगावर धावून येणं हा शाखाधिकाऱ्यांचा विषय. लैंगिक स्वरूपाचं बोलणं असेल तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची. तो माणूस ग्राहक असला तरीही. तिथे 'घडलं काय, जोडलं काय' करत बसू नये.

खिडकी_चार
मान्य. वही सोमवारपासून. सगळ्यांना इगतपुरीला विपश्यना शिबिराला पाठवावं अशीही सूचना आली आहे.

आनापान
ज्याला मनापासून जायचंय त्याने जावं, आदेशाने नाही. दहा दिवसांचं शिबिर, त्यात जवळपास सगळा वेळ मौन, मोबाइल जमा, शुल्क नाही, पहिले तीन दिवस फक्त श्वासावर लक्ष. साधना म्हणून ती मोठी गोष्ट आहे, चिडचिडीवरचा तातडीचा उपाय नाही. झोप उडालेली असेल, सतत रडू येत असेल, तर आधी डॉक्टर. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

खिडकी_चार
काउंटरवर चिकटवायला आठवणीची चिठ्ठी अशी करतोय: 'टाचा. दोन लांब उच्छ्वास. काय आलंय? का घडलं? पुढचं काम.' तपासा.

सह्यकडा
'का घडलं' काढा, 'काय घडलं' लिहा. 'का' विचारलं की मन दोषी शोधायला निघतं. आणि चिठ्ठी की-बोर्डच्या वरच्या कडेला चिकटवा, काचेवर नको.