प्रतिसाद: रामकुंडाजवळचा पादचारी पूल आणि नदीकाठची पायवाट

नाशिकला गोदावरीवर रामकुंडाजवळ पादचारी पूल आणि नदीकाठी पायवाट करावी, अशी सूचना या चर्चेत आली आहे. पूल हवाच, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पंचवटीतून मेनरोड-सराफ बाजाराकडे पायी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे होळकर पुलावर गाड्यांच्या गर्दीत फार हाल होतात. पण त्या सूचनेतली 'साबरमतीसारखी उंच भिंत बांधून वर पायवाट' मला पटत नाही. अहमदाबादला साबरमतीत नर्मदा कालव्याचं पाणी सोडून पातळी राखतात. आपल्याकडे गंगापूर धरण शहराच्या अगदी डोक्यावर आहे, विसर्ग वाढला की काही तासांत गोदाघाट पाण्याखाली जातो. ऑगस्ट २०१६ आणि २०१९ ला दुतोंड्या मारुतीचं (घाटावरची ती मूर्ती, जिच्यावरून आपण पुराची उंची मोजतो) काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. भिंत घालून पात्र अरुंद केलं तर तेच पाणी सराफ बाजारात आणि भांडीबाजारात शिरणार.

या चर्चेत कुणी कठड्यांचा विषय काढलेला दिसला नाही. पूर ओसरल्यावर घाटावर जाऊन बघा: गजांमध्ये जलपर्णी, चिंध्या, फांद्या, निर्माल्याच्या पिशव्या इतक्या गच्च अडकतात की कठडा नुसता बांधच होऊन बसतो, मग पाण्याच्या रेट्याने पायासकट वाकतो. म्हणून खालच्या पायवाटेला कठडे पावसाळ्यापूर्वी काढून ठेवता येतील असेच हवेत. पुलाला पात्रात शक्यतो एकही खांब नको, आणि उंची लाल पूररेषेच्या (मोठ्या पुराची पातळी दाखवणारी रेषा) वर. पायवाटही दगडी फरशीचीच करा, काँक्रीट नको. पात्रातल्या काँक्रीटखाली जुनी कुंडं गाडली गेली, तेवढं पुरे झालं. शिवाय घाटावरच्या बुधवारच्या बाजारातल्या भाजीवाल्यांची जागा आराखड्यात आधी दाखवा, मगच टेंडर काढा.